शर्यत बघायला जाताना आधी परतीची वाट ठरवा



जानेवारी २०२६ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही व्यावसायिक सायकल शर्यत झाली. आधी एक छोटी वेळेची शर्यत, मग चार टप्पे, सगळं मिळून ४३७ किलोमीटर. मुळशी, मावळ, भोर, पुरंदर, बारामती या भागांतल्या ज्या रस्त्यांवरून आपण बाजारहाट करतो, त्याच रस्त्यांवरून देशोदेशीचे सायकलपटू गेले. त्यानंतर आमच्याकडे मैत्रिणींचे जे प्रश्न आले, त्यात एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता. “दोन तास उन्हात उभ्या राहिलो आणि सगळं अर्ध्या मिनिटात निघून गेलं. मग शर्यत नीट बघायची तरी कशी?” दुसऱ्या काही जणींची मुलं-मुली युरोपात आहेत. त्यांनी विचारलं, “उन्हाळ्यात लेकीकडे जाणार आहोत. तिकडची तूर द फ्रान्स बघायला जायचं तर गाडी कुठपर्यंत नेता येते? नातवंडांना घेऊन जमेल का?”

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी सापडतं. उभं कुठे राहायचं हे गाडी कुठे लावता येते त्यावर ठरतं, आणि गाडी कुठे लावायची हे रस्ता कधी बंद होतो आणि कधी उघडतो त्यावर. म्हणून आज आपण एकच घाट घेऊ आणि त्याची आखणी पायरीपायरीने करू. हा घाट फ्रान्समधला आहे, आल्प्स पर्वतातला. नाव आल्प द्युएझ. एक लक्षात आलं की आपल्याकडच्या घाटातही तेच लागू पडतं.

आधी त्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब करू. सपाट रस्त्यावर सायकलपटूंचा घोळका ताशी ४५ किलोमीटरने सहज जातो. म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. दीडशे सायकली एकमेकींना चिकटून आल्या तरी त्यांची रांग शे-दोनशे मीटरच भरते. पंधरा-वीस सेकंदांत ती तुमच्यासमोरून गेलेली असते. रंग दिसतात, वारा लागतो, चेहरा एकही दिसत नाही. चढावर मात्र चित्र बदलतं. तीव्र चढावर वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो, घोळका फुटतो, एकेक जण सुटा होतो. पहिला आणि शेवटचा यांच्यात अर्धा तास किंवा त्याहून जास्त अंतर पडतं. म्हणजे तेवढा वेळ तुमच्यासमोर कोणी ना कोणी चढत असतं, आणि त्याचा घाम, दमछाक, डोळे, सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. म्हणून जाणकार लोक चढ शोधतात.

चढ नको असेल तर दुसरा मार्ग आहे, एकाच जागेवरून अनेकदा जाणारी शर्यत. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या वसंतातल्या मोठ्या शर्यतीत पुरुषांचा घोळका अलीकडच्या वर्षांत ‘आउडे क्वारेमाँट’ ही दगडी फरसबंदीची टेकडी तीनदा चढतो. एके जागी खुर्ची टाकून बसलं तर तीनदा शर्यत दिसते. पॅरिसच्या मुख्य हमरस्त्यावर शेवटच्या दिवशी फेऱ्या मारतात, तिथेही तसंच. ज्यांना चालवत नाही किंवा ज्यांच्यासोबत लहान मूल आहे, त्यांनी फेऱ्यांची शर्यत निवडावी. कधीकधी प्रत्येकजण एकेकटा, ठरावीक मिनिटांच्या अंतराने सुटतो. ती वेळेची शर्यत. तीही सावकाश बघता येते आणि ती बहुधा गावातच असते.

आता आपला घाट. आल्प द्युएझच्या पायथ्याला ल बूर द्वाझाँ नावाचं छोटं गाव आहे. तिथून वरच्या गावापर्यंत रस्ता १३.८ किलोमीटर लांब. तेवढ्यात तो अकराशे मीटरहून जास्त चढतो. सिंहगडाची आतकरवाडीकडची पायवाट चढलेल्या मैत्रिणींनी अंदाज बांधावा, जवळजवळ दोन सिंहगड एकावर एक. रस्त्याला एकवीस मोठी वळणं आहेत. गंमत अशी की वळणांचे आकडे उलटे आहेत. खाली एकविसावं, वर पहिलं. प्रत्येक वळणावर पाटी आहे आणि तिच्यावर इथे जिंकलेल्या सायकलपटूंची नावं आहेत. तूर इथे पहिल्यांदा १९५२ मध्ये आली आणि इटलीचा फाउस्तो कोप्पी जिंकला. सातवं वळण नेदरलँड्सच्या लोकांनी जणू आपलं करून टाकलंय. तिथे एक छोटं चर्च आहे, आणि शर्यतीच्या दिवशी सगळा डोंगर नारिंगी कपड्यांनी भरतो. गाणी, ढोल, बिअर, सगळं तिथे. ज्यांना जत्रा हवी त्यांनी तिथे जावं, ज्यांना शांतपणे बघायचंय त्यांनी तिथून चार वळणं तरी लांब राहावं.

आखणी करताना घड्याळ उलटं फिरवायचं. पहिला कागद हातात घ्यायचा तो आयोजकांचं वेळापत्रक. तूर द फ्रान्स प्रत्येक टप्प्यासाठी असं पत्रक आधीच जाहीर करते. मार्गावरचं प्रत्येक गाव, घाटमाथा, तिथे जाहिरातींचा ताफा किती वाजता येईल आणि सायकलपटू किती वाजता. सायकलपटूंच्या वेळा तीन दिलेल्या असतात, सावकाश, मध्यम आणि वेगवान गतीच्या. आपण नेहमी वेगवान वेळ धरायची. उशिरा आलेल्याला कोणी थांबत नाही.

जाहिरातींचा ताफा म्हणजे काय ते सांगतो. शर्यतीच्या सुमारे दोन तास आधी सजवलेल्या गाड्या जातात. पुरुषांच्या तूरमध्ये अशी सुमारे दीडशे वाहनं असतात. ती सगळी जायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. गाड्यांवरून टोप्या, गोळ्या, बिस्किटं, किल्लीच्या साखळ्या असं काहीबाही लोकांकडे फेकतात. बायकांच्या तूरमध्येही ताफा असतो, पण लहान. बरीच कुटुंबं खरं तर यासाठीच येतात. म्हणजे सायकलपटू चारला येणार असतील तर ताफा दोनला. रस्ता त्याच्याही बराच आधी बंद.

बंद होण्याचा हिशेब इथे नीट ऐका. सपाट गावात रस्ता शर्यतीआधी काही तास बंद होतो. असा प्रसिद्ध घाट मात्र गाड्यांसाठी सकाळीच, अनेकदा आदल्या संध्याकाळीच बंद होतो. नेमकी वेळ तिथलं प्रशासन जाहीर करतं आणि ती दर वर्षी वेगळी असते. लोक घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन दोन-दोन, तीन-तीन दिवस आधी वर जाऊन मुक्काम करतात. आपण एका दिवसासाठी जाणार असू तर वर गाडी नेण्याचा विचारच सोडून द्यावा. उरतात ते तीन मार्ग.

पहिला मार्ग, गाडी खाली ठेवून चालत जायचं. ल बूर द्वाझाँ आणि आजूबाजूच्या गावांत गाडी लावायची आणि घाट पायी चढायचा. पूर्ण घाट चढायला चार तास धरा, परत उतरायला तीन. पण पूर्ण चढण्याची गरज कोणाला आहे? पायथ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर ला गार्द नावाची वस्ती आहे, सोळाव्या वळणापाशी. एका तासाची चाल. घाटाचा सगळ्यात उभा चढ तिथपर्यंतच आहे, म्हणजे सायकलपटूंची पहिली पारख तिथेच होते. वस्ती असल्यामुळे सावली आणि माणसं जवळ. आजी-आजोबा आणि मुलं सोबत असतील तर आम्ही हीच जागा सुचवू.

दुसरा मार्ग, डोंगराच्या पाठीमागून. शेजारच्या व्होजानी आणि ओझ या गावांतून वर आल्प द्युएझच्या बाजूला रोपवे जातो. उन्हाळ्यात तो चालू असतो, पण शर्यतीच्या दिवशी किती वाजेपर्यंत आहे हे आदल्या दिवशी विचारून घ्यायचं, विशेषतः शेवटची फेरी. वर पोहोचलात आणि खाली येणारी शेवटची फेरी चुकली तर रात्री डोंगर उतरायचा.

तिसरा मार्ग, सायकल. खाली गाडी लावून भाड्याच्या सायकलवरून, हल्ली बॅटरीच्या सायकलीही मिळतात, सकाळी लवकर वर जायचं. मोटारी बंद झाल्यावरही सायकलींना काही काळ जाऊ देतात. पण कोणत्या वळणावर पोलीस उतरायला लावतील ते त्यांच्या हातात.

गाडी लावताना आपण नेहमी जवळची जागा शोधतो. शर्यतीच्या दिवशी सुटण्याची जागा शोधावी. म्हणजे काय? एक, गाडी शर्यतीच्या मार्गावर नको आणि त्या मार्गाने वेढलेल्या गावातही नको. मार्ग गावाला वळसा घालून जात असेल तर आतल्या गाड्या शर्यत संपेपर्यंत अडकतात. दोन, गाडीचं तोंड घराच्या दिशेला. तीन, आपण ज्या बाजूला गाडी लावली त्याच बाजूला रस्त्याकडेला उभं राहायचं. पलीकडे गेलो तर परत यायला रस्ता ओलांडावा लागतो, आणि तो मधे ओलांडू देत नाहीत. चार, शेतात किंवा कुणाच्या अंगणात लावायची तर आधी विचारून. वळणाच्या आतल्या बाजूला आणि उताराच्या कडेला कधीही नाही. तिथून रुग्णवाहिका जायची असते.

आपल्या पुरंदरच्या मैत्रिणींना हे नवीन नाही. ज्ञानोबांची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते तेव्हा काय करायचं, हे घरातल्या थोरल्या बाईला पाठ असतं. रस्ता कधी बंद, गाडी कुणाच्या वावरात, म्हाताऱ्यांना कुठल्या झाडाखाली बसवायचं, भाकरी किती बांधायच्या. शर्यतीची आखणी त्याच जातीची आहे. फरक एवढाच की पालखी चालत येते आणि दर्शनाला वेळ देते. सायकल तो वेळ देत नाही.

आता सोबत काय न्यायचं. वर दुकान असेल या भरवशावर राहू नका. माणशी दोन लिटर पाणी, जेवण, टोपी, आणि अंगावर घालायला एक गरम कपडा. आल्प्समध्ये दुपारी चटका बसतो आणि तासाभरात गारांचा पाऊस येतो. प्लॅस्टिकचा रेनकोट हवाच, छत्री नको, ती रस्त्यात येते. कचऱ्याची पिशवी न्या. आणि एक गोष्ट जी पुरुषांच्या आखणीत सहसा नसते, ती म्हणजे स्वच्छतागृह. पाच-सहा तास घाटात काढायचे तर ते कुठे आहे हे जागा निवडतानाच बघायचं. नाहीतर बायका पाणी पिणं टाळतात आणि उन्हात चक्कर येऊन पडतात. म्हणूनही वस्तीजवळची जागा बरी. मोबाइलवर अवलंबून राहू नका. हजारो माणसं एका डोंगरावर आली की फोन लागत नाहीत. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा आणि मुलांच्या खिशात घरच्यांचा नंबर कागदावर लिहून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या शर्यतीत प्रेक्षक आणि सायकलपटू यांच्यामध्ये शेवटचे काही किलोमीटर सोडले तर कठडा नसतो. तिकीटही नसतं. ही या खेळाची मोठी श्रीमंती आहे आणि तोच त्याचा मोठा धोका. २००२ मध्ये सात वर्षांचा एक मुलगा जाहिरातींच्या ताफ्यातल्या गाडीखाली सापडून गेला. २००९ मध्ये रस्ता ओलांडणाऱ्या ६१ वर्षांच्या एका बाईंना शर्यतीबरोबरच्या पोलीस मोटारसायकलची धडक बसली आणि त्या जागीच गेल्या. दोन्ही वेळा सायकलींनी काही केलेलं नव्हतं. लोकांचं लक्ष सायकलींकडे असतं आणि गाड्या आधीच येतात, नंतरही येतात.

१९९९ मध्ये याच आल्प द्युएझवर इटलीचा ज्युझेप्पे ग्वेरिनी एकटा पुढे होता. शेवटच्या किलोमीटरमध्ये एक तरुण फोटो काढायला रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि ग्वेरिनी त्याच्यावर आदळून पडला. तो उठला आणि जिंकला, हे त्याचं नशीब. २०२१ मध्ये पहिल्याच टप्प्यावर एक तरुणी पुठ्ठ्यावर आजी-आजोबांसाठी निरोप लिहून उभी होती. टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे तोंड, सायकलींकडे पाठ. पाटी रस्त्यात आली, टोनी मार्टिन हा जर्मन सायकलपटू तिच्यावर आदळला आणि त्याच्यामागे डझनावारी सायकली एकमेकींवर कोसळल्या. त्या तरुणीला पुढे न्यायालयाने १२०० युरो दंड केला. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. आजी-आजोबांनी आपल्याला टीव्हीवर बघावं, एवढंच. कुणाही नातीला वाटेल असं. पण त्या एका क्षणात कुणाचं तरी वर्षभराचं पोट रस्त्यावर सांडलं.

म्हणून आमचे चार नियम. मुलाचा हात ताफा येण्याआधी धरायचा आणि शेवटची गाडी गेल्यावर सोडायचा. फेकलेली वस्तू रस्त्यात पडली तर ती तिथेच राहू द्यायची. फोटो काढायचा तर पाय मागे ठेवून, कारण फोनमध्ये सायकल लांब दिसते आणि असते जवळ. आणि पाठ कधीही शर्यतीकडे नाही. शेवटची गाडी ओळखायची खूण म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारी, शर्यत सोडलेल्यांना उचलून घेणारी गाडी. तिला तिकडे झाडूगाडीच म्हणतात. त्यानंतर पोलीस सांगतील तेव्हाच रस्त्यावर पाऊल टाकायचं. घाटमाथ्यावर शर्यत संपली असेल तर वरून सायकलपटू, पथकांच्या गाड्या, पत्रकार असे सगळे त्याच रस्त्याने खाली येतात. खाली पोहोचून गाडी बाहेर काढायला रात्र होईल हे धरूनच चाला. परतीच्या जेवणाचा डबा वेगळा ठेवा आणि मुक्काम पायथ्यापासून फार लांब घेऊ नका.

एवढा खटाटोप करून काय मिळतं, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर १८ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी या घाटावर उभ्या असलेल्यांना मिळालं. त्या दिवशी बायकांच्या तूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा इथे संपला. सुमारे १५० किलोमीटर, आधी ग्लाँदाँचा मोठा घाट, मग हा. पोलंडची काशा न्येव्हियादोमा पिवळ्या जर्सीत होती. नेदरलँड्सची डेमी व्होलरिंग तिच्या एक मिनिट १५ सेकंद मागे. व्होलरिंग ग्लाँदाँवरच पुढे निघाली. आल्प द्युएझवर ती पुढे, काशा मागे, आणि सगळं मधल्या अंतरावर अवलंबून होतं. घाटात उभ्या असलेल्या कुणाही बाईने मनगटावरच्या घड्याळात व्होलरिंग गेल्याची वेळ बघितली आणि काशा येईपर्यंत सेकंद मोजले, तर सगळी तूर तिच्या बोटांवर होती. टप्पा व्होलरिंगने जिंकला. तिला पहिल्या क्रमांकाचे दहा सेकंद मिळाले. काशा एक मिनिट एका सेकंदाने पोहोचली. पंच्याहत्तरातून एकसष्ट गेले, दहा गेले, उरले चार. चार सेकंदांनी काशाने तूर जिंकली. पुरुषांच्या तूरमधलं सगळ्यात कमी अंतर आठ सेकंदांचं आहे, १९८९ सालचं. हे त्याच्याही निम्मं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. १९८४ मध्ये बायकांची तूर पहिल्यांदा पुरुषांच्या तूरबरोबरीने झाली. अठरा टप्पे, सुमारे हजार किलोमीटर. त्याच रस्त्यांवर, पण पुरुष येण्याच्या काही तास आधी. अमेरिकेची मारियन मार्टिन जिंकली. त्या शर्यती कुणी बघितल्या? जे पुरुषांसाठी सकाळपासून जागा धरून बसले होते त्यांनी. १९८९ नंतर ती शर्यत त्या रूपात बंद पडली आणि २०२२ मध्ये ‘तूर द फ्रान्स फाम’ म्हणून स्वतःच्या दिवसांसह, स्वतःच्या रस्त्यासह परत आली. आज लोक खास तिच्यासाठी घाटात मुक्काम करतात. प्रेक्षक लवकर येऊन उभा राहतो तेव्हा तो नुसता बघत नसतो, ती शर्यत टिकवत असतो. आपल्याकडे मोठ्या शर्यती अजून नव्या आहेत. उद्या इथल्याच मुली त्या रस्त्यावर उतरतील, तेव्हा वळणावर कोणीतरी हवं.

तर पुढच्या वेळी आपल्या तालुक्यातून शर्यत जाईल तेव्हा वहीच्या एका पानावर पाच ओळी लिहा. रस्ता बंद कधी. चढ कुठे. गाडी कुणाच्या वावरात, तोंड कोणीकडे. स्वच्छतागृह आणि सावली कुठे. परत कोणत्या वाटेने. हे पान घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. “चला, बघू तिथे गेल्यावर” असं म्हणणाऱ्यांना आधी. आणि शर्यत कोणत्या गावातून किती वाजता जाणार हे जाहीर झालं की आम्हाला कळवा, आम्ही ते याच कार्यक्रमात वाचून दाखवू.